आत चालू, पडदा काळा

मंडळी, ऐका. मागच्या वर्षी दत्तजयंतीच्या आदल्या दिवशी, दुपारी पावणेपाचच्या सुमाराला, ह्याच मंडपात, ह्याच जागी उभा असताना मला कळलं की माझी बायको गेली. तुमच्यातले बरेचजण तेव्हा समोर बसले होते. आजही बसलात. बरं वाटलं बघून.

आज प्रश्न मांडायचा आहे तो असा — माणसाच्या मनात माया आहे. खरी आहे, भरपूर आहे. पण बाहेर काही दिसत नाही. तोंडातून शब्द येत नाही, डोळ्यांत पाणी येत नाही. तर मंडळी, ती माया समोरच्याला पोचली का?

थांबा! लगेच माना डोलवू नका! ते पुढचे काका म्हणतायत, "देवाला सगळं कळतं." कळतं हो! देवाची काळजी आपण करायला नको. मी घरातल्या माणसाचं विचारतोय. जो रोज तुमच्या शेजारी ताट घेऊन बसतो, त्याला कळतं का?

मी ह्याचं उत्तर पोथीत शोधलं. मिळालं नाही. मिळालं कुठं? सांगलीत, कॉम्प्युटरच्या दुकानात! हसा, हसा. आज राजा नाही, ऋषी नाही. आजच्या आख्यानात एक प्रोसेसर आहे आणि एक ग्राफिक्स कार्ड आहे. बघा, मागची कॉलेजची मंडळी कशी ताठ झाली! एरवी माझ्या कीर्तनात भिंतीला टेकून असतात.

आधी त्या दिवसाचं सांगतो, म्हणजे पुढचं नीट कळेल.

कीर्तन चालू असताना बुवांकडे चिठ्ठ्या येतात, तुम्हाला ठाऊक आहे. अमक्यांकडून अन्नदान, तमक्यांच्या नातीचा वाढदिवस. बुवा मध्येच थांबून नाव वाचतात, तुम्ही टाळ्या वाजवता. त्या दिवशीही तीन-चार आल्या होत्या. आता आमचे पेटीवाले रंगनाथराव — हे काय, इथंच बसलेत — ह्यांच्या मांडीशी माझी पिशवी होती. पिशवीत फोन. तो सारखा थरथरत होता. सातव्यांदा वाजला तेव्हा ह्यांनी उचलला. ऐकलं. आणि सप्ताहाच्या पत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूला दोन शब्द लिहून कागद माझ्या पुढ्यात ठेवला. "वहिनी गेल्या."

मी वाचला. घडी घातली. कमरेच्या उपरण्यात खोचला. तेवढ्यात समोरून कुणीतरी म्हणालं, "बुवा, नाव वाचा की!"

मी म्हणालो, "शेवटी वाचतो."

आणि मी पुढे बोलत राहिलो, मंडळी! गुरुशिष्यांचं आख्यान चाललं होतं. गुरू शिष्याला म्हणतात, "डोळे मीट. अंतरात बघ. काय दिसतंय?" शिष्य म्हणतो, "महाराज, ताट दिसतंय." "अरे, नीट बघ!" "नीट बघितलं महाराज, वरण गार झालंय!"

तुम्ही हसलात. पोट धरून हसलात. तुमचा काही दोष नाही, तुम्हाला कुठं माहीत होतं! आरती झाल्यावर रंगनाथरावांनी सांगितलं. मग तुमचे अध्यक्ष पुढे आले. माझ्या खांद्यावर शाल घातली. डोळे पुसत म्हणाले, "धन्य तुमची बुवा! एवढं झालं तरी नारदाची गादी सोडली नाहीत!" आमचा नियमच आहे तसा. गादीवर उभं राहिलं की आरतीपर्यंत खाली उतरायचं नाही. तुम्ही लगेच गाडी काढलीत, दोघं-तिघं मिरजेपर्यंत माझ्याबरोबर आलात. ते मी विसरलो नाही. पण त्या शालीचं माझ्या मनात राहिलंय. त्यावर येतो.

आता घरची माणसं सांगतो. जास्त नाहीत. मी, बायको कालिंदी, आणि मुलगी यशोधरा — यशू. यशू वीस वर्षांची. शिकत काय होती? कॉम्प्युटरवरचे खेळ तयार करायचं शिक्षण! मला वाटलं होतं, चेष्टा करतेय. खेळायचं सोडून अभ्यासाला बसा, असं आम्ही मुलांना सांगत आलो. हिचा खेळ हाच अभ्यास!

कालिंदीला मात्र त्याचं केवढं कौतुक! यशू मोबाइलवर एक खेळ खेळायची. तलवार घेतलेली एक बाई डोंगर चढतेय, राक्षस मारतेय. कालिंदी शेजारी मेथी निवडत बसायची. म्हणायची, "यशू, सकाळपासून लढतेय गं ती. तिला काहीतरी खायला घाल."

"आई, तिला भूक नाही लागत."

"न लागायला काय झालं? बाईच आहे ना? का ती सगळ्यांचं झाल्यावर जेवते?"

बघा! बायका हसल्या. पुरुष इकडेतिकडे बघतायत!

कालिंदीनं मनात पक्कं धरलं होतं, की पाडव्याला यशूला मोठा कॉम्प्युटर घ्यायचा. खेळताही येईल, शिकताही येईल. मला म्हणाली होती, "तुम्ही फक्त हो म्हणा, बाकी मी बघते." मी हो म्हणालो होतो. आमच्या घरी माझं काम तेवढंच असायचं.

त्या दिवशी घरी दोघीच होत्या. कालिंदीच्या छातीत कळ आली. यशूनं शेजाऱ्यांना हाक मारली, रिक्षा आणवली. रिक्षात आईचं डोकं मांडीवर. एका हातानं आईला धरलेलं, दुसऱ्या हातानं बापाला फोन. दवाखान्याच्या दारात पोचेपर्यंत ती गेली होती. सात फोनमधले सहा वाटेतले होते, मंडळी. सातवा दवाखान्यातला.

तेरावं झालं. आणि त्यानंतर कुणीतरी ग्रुपवर व्हिडिओ टाकला. प्रेमानंच टाकला हो! खाली लिहिलं होतं, "पत्नी गेल्याची चिठ्ठी आली तरी कीर्तन थांबलं नाही." यशूनं बघितला. त्यात चिठ्ठी दिसते. मी घडी घालताना दिसतो. आणि मग तो गार वरणाचा विनोद.

ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. आवाज चढवला नाही. म्हणाली, "बाबा, तुम्ही लोकांना हसवत होता."

आणि मी काय म्हणालो? बोलण्यावर पोट भरणारा माणूस मी! मी म्हणालो, "गादीचा नियम असतो, यशू."

झालं!

त्या दिवसापासून घरातलं बोलणं आटलं. "जेवण वाढलंय." "किल्ली खिडकीत आहे." "उद्या पाणी येणार नाही." घरात माणसं दोन, आणि दिवसाची वाक्यं तीन. एकदा मी अंघोळ करून बाहेर येतोय, तर यशू शेजारच्या काकूंना सांगत होती, "परीक्षा झाली की पुण्याला जाणार. मग परत यायचं नाही म्हणतेय." काकूंना सांगितलं. मला नाही! बायको तर गेलीच होती. आता लेक जाणार होती, आणि ती हयात असून जाणार होती. सांगा, ह्या बापानं काय करायचं?

सरळ जाऊन बोलायचं! बरोबर बोललात मावशी. पण ते सोपं असतं तर मी आख्यान कशाला केलं असतं? मला बोलायचं सोडून बाकी सगळं सुचलं. मी ठरवलं — कालिंदीनं म्हटलेला कॉम्प्युटर मी आणतो. पोरगी खूश होईल. म्हणजे बघा, मनातलं सांगायला लागू नये म्हणून माणूस केवढं सामान आणतो!

सांगलीला इरफान मुजावर म्हणून दुकानदार आहेत. चांगला माणूस. मी गेलो, म्हणालो, "एक चांगला कॉम्प्युटर द्या."

"कशाला पाहिजे बुवा? लिहायला का खेळायला?"

"खेळायला."

त्यांनी माझ्या धोतराकडे बघितलं. "तुम्ही खेळणार?"

"मुलगी खेळणार हो!"

"तसं सांगा की! मला वाटलं, कीर्तनं बंद झाली का काय." स्टूल पुढे केलं, चहा सांगितला. "कितीत बसवायचंय ते सांगा. त्यात जास्तीत जास्त चांगलं बघू."

मी आकडा सांगितला. त्यांनी चहात बिस्कीट बुडवलं. मग म्हणाले, "जमेल. पण डोकं वापरून घ्यावं लागेल."

मग मंडळी, त्या माणसानं मला शिकवलं. आणि मी वहीत लिहून घेतलं, आख्यानाची टिपणं काढतो तसं. तेच तुम्हाला सांगतो. उद्या नातवंडांना घेऊन द्यायची वेळ आली तर उपयोगी पडेल. कॉम्प्युटरच्या डब्यात मुख्य दोघं असतात. एक प्रोसेसर. हे डोकं. कोण कुठं पळतोय, कुणाला घाव लागला, दार उघडायचं का बंद ठेवायचं, सगळं तो ठरवतो. दुसरं ग्राफिक्स कार्ड. त्यानं जे ठरवलं ते हे चितारून पडद्यावर आणतं. तो विचार करतो, हे दाखवतं.

मी विचारलं, "मग मोठा कोण?"

"इथंच लोक फसतात बुवा! डोकं भारी पाहिजे म्हणून सगळे पैसे प्रोसेसरवर घालतात, आणि कार्ड घेतात बारीकसं. मग काय होतं? विचार भराभर, चित्र अडखळत. माणूस पळतोय का लंगडतोय कळत नाही. दुसरे असतात, ते कार्ड घेतात हत्तीएवढं आणि प्रोसेसर घेतात किरकोळ. मग ते कार्ड हात चोळत बसतं, कारण वरून कामच येत नाही. खेळासाठी असेल तर कार्डाचा वाटा थोडा जास्त धरायचा. पण जोडी जमली पाहिजे."

"म्हणजे पत्रिका बघायची!"

"बघा की! पण छत्तीस गुण जुळायची वाट बघत बसू नका. दर दोन महिन्यांनी नवीन स्थळ येतं बाजारात. पंचवीस जुळले की उरकून टाकायचं!"

आणि आणखी एक गोष्ट सांगितली त्यांनी. डब्यात खाली कोपऱ्यात एक पेटी असते, सगळ्यांना वीज पुरवणारी. म्हणाले, "हिच्याकडे कुणी बघत नाही. हिला दिवे नाहीत, शोभा नाही. पण हिच्यात काटकसर केली की एक दिवस सगळंच बंद." ते ऐकून मी वही मिटली. मला माझं घर दिसलं. जाऊ द्या.

एवढं ज्ञान घेऊन आलो, आणि तरी चूक केली! ती चूक कीर्तनकारच करू जाणे. ऐका.

पाडव्याच्या आदल्या दिवशी दुकानात गेलो. ही गर्दी! मी मनाशी ठरवलं होतं की मुहूर्त चुकवायचा नाही. पाडव्याला कॉम्प्युटर घरात आला पाहिजे. कार्ड तेवढं रामनवमीची कीर्तनं झाली की घेऊ. तोवर खेळ नाही चालला तर नाही, साधं चित्र तर दिसेल! असं आपलं माझं गणित. इरफानभाईंनी दोन प्रोसेसर पुढे ठेवले. एकसारखे. एक थोडा स्वस्त. मी स्वस्तावर बोट ठेवलं. ते चार गिऱ्हाइकांच्या डोक्यावरून म्हणाले, "हा घेतलात तर कार्ड लागतंच हं बुवा! आहे ना घरी?"

आता मला विचारता आलं असतं, की लागतंच म्हणजे काय? पण मंडळी, तीस वर्षं गादीवर उभा राहिलेला माणूस चारचौघांत "मला कळलं नाही" म्हणत नाही. सवयच जाते ती! लोक शंका विचारतात, आपण ठणकावून उत्तर देतो. मी त्याच आवाजात म्हणालो, "आहे, आहे!"

खोटं बोललो. पाडव्याच्या तोंडावर!

त्यांनी सगळं जोडलं. दुकानातलं एक कार्ड लावून चालवूनही दाखवलं. पडद्यावर काय सुंदर चित्र आलं! मग आपलं कार्ड काढून घेतलं आणि डबा बांधून दिला. ते कार्ड काढून घेत होते तेव्हा मी कुठं होतो? बाहेर, रिक्षा ठरवत होतो.

पाडवा उजाडला. गुढी उभारली. वर्षाच्या आत उभारायची का नको, ह्यावर शेजारी दोन मतं होती. यशूनं काठी आणून दिली, म्हणून उभारली. तिनं स्वयंपाकघरात चक्का फेटायला घेतला. मी इकडे टेबल पुसलं, डबा मांडला, तारा लावल्या. फूल वाहिलं. आणि हाक मारली, "यशू, जरा ये."

ती आली. पदार्थ ढवळायचा डाव हातात तसाच. टेबलाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "हे काय?"

"तुझ्या आईनं ठरवलेलं."

तिनं डाव खाली ठेवला. मी बटण दाबलं. आत पंखे फिरायला लागले. निळा दिवा लागला. घूंऽऽ असा आवाज! मी पडद्याकडे हात करून उभा, जसा काही देवाचा पडदा उघडणार आहे.

पडदा काळा.

मी तार दाबली. काळा. दुसरी दाबली. काळा. पडद्याला दोन थापट्या मारल्या — हसू नका, तुमच्या घरचा टीव्ही तुम्ही कसा दुरुस्त करता ते मला माहीत आहे! तरी काळा.

"दुकानात चालत होता गं! मी बघितलाय!"

यशूनं बाजूची काच काढली, वाकून आत बघितलं. "बाबा, कार्ड कुठाय?"

"रामनवमीनंतर येणार आहे."

आणि मंडळी, ती हसली! तीन महिन्यांत पहिल्यांदा. तोंडावर हात ठेवून, खाली बसून हसली. "अहो बाबा, रामनवमीनंतर! तोवर काय हरिपाठ म्हणायचा ह्याच्यापुढे?" मीही हसलो. मला वाटलं, चला, चुकीनं का होईना, काम झालं!

मी म्हणालो, "पण खेळ नको, साधं चित्र तरी?"

"ह्या प्रोसेसरला चित्र काढताच येत नाही. काहींना थोडंफार येतं. ह्याला अजिबात नाही. म्हणून तर स्वस्त मिळाला."

"म्हणजे बिघडला नाही?"

"नाही हो. आत सगळं चालू आहे. आत्ता, ह्या क्षणी चालू आहे. काम करतोय तो. त्याला फक्त दाखवता येत नाही."

"आणि बघणाऱ्याला?"

"बघणाऱ्याला काय कळणार? बघणाऱ्याला तो मेलेलाच."

हे म्हणाली आणि थांबली. तिचं हसू थांबलं. पंखे फिरत होते, काळ्या पडद्यात आम्ही दोघं पुसट दिसत होतो. मग तिनं विचारलं. माझ्याकडे न बघता विचारलं.

"मग त्या दिवशी आत काय चालू होतं?"

मंडळी, मला जन्मात लोकांनी हजार शंका विचारल्या. ही पहिली, जिचं उत्तर मी ठणकावून दिलं नाही.

मी म्हणालो, "यशू, मला गादी आठवली नव्हती. नियम आठवला नव्हता. चिठ्ठी वाचली आणि एवढंच मनात आलं, की ह्या मंडपात हे कुणालाच माहीत नाही. मी बोलतोय तोवर मला कुणी येऊन काही सांगणार नाही. मी बोलतोय तोवर तुझी आई घरी आहे. थांबलो, की नाही. म्हणून थांबलो नाही. तो वरणाचा विनोद त्या आख्यानात नव्हताच गं. मी घुसवला. वेळ काढायला! पाऊण तासाचं आख्यान मी सव्वा तास केलं. रंगनाथराव पेटीवरून आवरा म्हणून खुणा करत होते. मी तिकडे बघतच नव्हतो. लोकांना वाटलं, बुवा रंगले. मी घाबरलो होतो."

रंगनाथराव, खरं का खोटं? … खरं म्हणतायत.

तर मंडळी, तुमच्या शालीचं हे असं आहे. तुम्ही ती निष्ठेला घातलीत. खाली होती भीती. आणि मी "नाही हो, असं नाही" म्हणालो नाही. मान खाली घालून शाल घेतली. पुढे दहा गावांत लोकांनी ती गोष्ट माझ्यासमोर सांगितली, आणि मी ऐकून घेतली. ते आज तुम्हाला सांगायचं होतं. शाल परत आणली नाही, प्रेमाची वस्तू परत करू नये. पण कशाबद्दल मिळाली ते दोघांनाही माहीत असावं.

यशू काय म्हणाली, तेही सांगतो. तुम्हाला वाटत असेल, बापाच्या गळ्यात पडली. तसं झालं नाही. ती म्हणाली, "मला तुम्ही तिथं हवे होता."

"हो."

"डॉक्टर विचारत होते, मोठं कुणी आहे का बरोबर? मी म्हणत होते, येतायत, बाबा येतायत."

"हो, यशू."

"ते आता काही बदलणार नाही."

"नाही बदलणार."

मी समजूत घातली नाही, नियम सांगितला नाही. ती रडली. मी रडलो. पहिल्यांदा तिच्यासमोर. दोघं जमिनीवर बसून, त्या घूंऽऽ आवाजात. बऱ्याच वेळानं तिनं नाक पुसलं, हात लांब करून बटण बंद केलं. म्हणाली, "उगाच वीज जळतेय. उठा. चक्क्याला पाणी सुटलं असेल."

दुसऱ्या दिवशी दोघं स्कूटरवर बसून सांगलीला गेलो. इरफानभाई मला बघून म्हणाले, "कसा चाललाय?" मी म्हणालो, "चालतोय, पण दिसत नाही." त्यांनी कपाळावर हात मारला! "आहे आहे म्हणालात की हो!"

"खोटं बोललो."

"कीर्तनकार असून?"

यशू म्हणाली, "म्हणून तर एवढं खरं वाटलं तुम्हाला!"

असा माझा पाणउतारा झाला. पण मंडळी, पोरगी माझी चेष्टा करत होती! मला ते ऐकत राहावंसं वाटत होतं. मग कार्ड निवडायला बसली. मी म्हणतोय, "ते मोठं घे. तीन पंख्यांचं." ती म्हणते, "नको बाबा. आपल्या प्रोसेसरला ते झेपायचं नाही. नुसतं बसून राहील. शिवाय खालची विजेची पेटीही बदलावी लागेल." इरफानभाईंकडे एकाचं वापरलेलं कार्ड आलेलं होतं. तिनं ते हातात घेतलं, पंखा बोटानं फिरवून बघितला, कानाशी नेऊन ऐकला. आधी कुणी वापरलं, किती वापरलं, का विकलं, सगळं विचारलं. मला जिथं विचारायला लाज वाटली, तिथं ह्या पोरीनं दहा प्रश्न विचारले! दुकानात लावून अर्धा तास चालवून बघितलं, आणि मग म्हणाली, "हे घेऊ. जमतं ह्यांचं दोघांचं."

घरी आणलं. लावलं. पडदा उजळला. तिनं एक खेळ चालू केला, आणि शेजारी दुसरी खुर्ची ओढली. मी उभा होतो तो बसलो. पडद्यावर पाच-सहाजणी पळतायत. मी विचारलं, "ह्यातली तू कुठली?"

"ती निळी ओढणीवाली."

"आणि मी कुणाकडे बघू?"

"माझ्याकडे बघा ना. बाकीच्यांचे बाप आहेत त्यांना बघायला."

बघितलं. तासभर बघितलं. काय चाललंय ते मला कळलं नाही. पण ती खड्ड्यात पडली की मी "अगं सांभाळ!" म्हणायचो, आणि ती म्हणायची, "ओरडू नका हो, दचकायला होतं!" दिवसाची तीन वाक्यं होती ना? त्या तासात किती झाली, मी मोजली नाहीत.

परीक्षा झाली. ती पुण्याला गेलीच. खेळ तयार करणाऱ्या एका कंपनीत लागली. पण आधी मला सांगितलं, मग काकूंना. कॉम्प्युटर बरोबर नेला. दिवाळीला आली, चार दिवस राहिली. आज इथं यायचं म्हणत होती. सकाळी फोन आला, "बाबा, त्या मंडपात नाही येववणार मला. अजून नाही. तुम्ही मात्र सांगा त्यांना." म्हणून मान वळवून शोधू नका, ती आलेली नाही. आणि तिनं सगळं माफ केलं असंही समजू नका. मी विचारलेलं नाही.

तर आता सुरुवातीचा प्रश्न. मनात माया आहे, दाखवली नाही. पोचली का?

नाही पोचली! देवाकडे पोचली असेल. पोरीकडे नाही पोचली. माझ्या आत पंखे फिरत होते, पण यशूनं तीन महिने काळा पडदा बघितला. तिचं काय चुकलं? तिनं जे दिसलं ते खरं धरलं. आपण म्हणतो, "माझ्या माणसाला कळायला नको का?" का कळावं? तुम्ही काय दाखवलंत?

आता तुमच्याकडे येतो. तो खांबाला टेकून बसलेला दादा, भावाशी बोलत नाहीस असं ऐकतो. आत काय चालू आहे तुझ्या? राग आहे का आठवण आहे? भावाला काय दिसतंय, ते कधी त्याच्या बाजूनं बघितलंस? आणि तुम्ही काका, देवाला सगळं कळतं म्हणणारे! काकू त्या बाजूला बसल्यात. त्यांना काय काय कळलंय, एकदा विचारून बघा. घाबरू नका, मंडपात नको. घरी जाऊन विचारा. फार बोलायला लागत नाही हो. मोठं तीन पंख्यांचं कार्ड लागत नाही. आपल्याला झेपेल तेवढं, जुनं, वापरलेलं चालतं. "मला तुझी आठवण आली." "मी घाबरलो होतो." "माझं चुकलं." एवढ्यात चित्र येतं. आणि आजच्या आज करा, आरतीनंतर. घरी माणूस आहे तोवर करा.

हे मी दुसऱ्यांना सांगणारा कोण? सांगतो. परवा यशूनं फोनवर विचारलं, "बाबा, आईशिवाय तुम्हाला भीती वाटते, हे तुम्ही आईला कधी सांगितलं होतं?"

सत्तावीस वर्षं संसार झाला, मंडळी. यशूला सांगितलं. आज तुम्हाला सांगितलं. कालिंदीला सांगायचं राहिलं.